विश्लेषण : गोव्याच्या किनाऱ्यावर आरसेकाम विकणाऱ्या लमाणी महिला ‘उपद्रवी’ कशा ठरतात?

हणजूणच्या बुधवारच्या बाजारात कवड्या आणि आरसे लावलेल्या पिशव्या, पट्टे, चादरी घेऊन बसलेल्या लमाणी महिला गोव्याला गेलेल्या बहुतेकांनी पाहिल्या असतील. घासाघीसही केली असेल. यातल्या अनेकींच्या घरात हंगामातली रोख कमाई तीच आणते. नवऱ्याची मजुरी मिळाली तर मिळाली. पर्यटनस्थळांवरील फिरत्या विक्रीवरचा दंड गोवा सरकारने २०२५ मध्ये वाढवल्याने या कमाईवरच टांगती तलवार आहे.

या महिला मूळच्या कुठल्या?

बहुतेक उत्तर कर्नाटकातल्या तांड्यांवरच्या. घरात गोरबोली, गिऱ्हाइकाशी कोकणी, हिंदी आणि कामापुरती इंग्रजी. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत, सैन्याला रसद पुरवत. रेल्वे आणि पक्के रस्ते आले आणि तो धंदा बुडाला. पुढे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली भटक्या समाजांवर शिक्का मारला गेला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण भटकणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची सवय गेली नाही.

ही कला नेमकी काय आहे?

फेटिया म्हणजे घागरा, कांचळी म्हणजे चोळी. स्वतःच्या आणि लेकीच्या या कपड्यांसाठी केलेले हे भरतकाम. जुन्या कापडांचे तुकडे जोडायचे, त्यावर सुईने टाके घालायचे, मग आरसे, कवड्या, नाणी. बल्लारी जिल्ह्यातल्या संडूरच्या लमाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे. २०२३ मध्ये ‘जी-२०’च्या बैठकीवेळी हंपीत साडेचारशेहून अधिक महिलांनी केलेल्या १,७५५ वस्तूंच्या मांडणीची गिनेस विक्रमात नोंद झाली. मात्र मानांकन भूगोलाशी बांधलेले असते. गदगच्या तांड्यावरून गोव्यात आलेल्या बाईला त्या नावाचा उपयोग नाही.

अडचण इथेच संपत नाही. हाताने भरलेल्या एका कापडाला कित्येक दिवस जातात आणि पर्यटक ते पाचशेवरून दोनशेवर आणू पाहतो. म्हणून त्याच पथारीवर घाऊक बाजारातला यंत्रावरचा मालही येतो. ‘हे सगळं खोटंच असतं’ असे म्हणून पुढे जाणाऱ्याला हे गणित दिसत नाही.

कायदा काय म्हणतो?

गोवा पर्यटनस्थळे (संरक्षण आणि देखभाल) कायदा २००१चा. पर्यटकांच्या मागे लागून वस्तू खपवणे त्यात उपद्रव ठरते. २०२५च्या दुरुस्तीने दंड किमान पाच हजार आणि कमाल एक लाख रुपये झाला. किनाऱ्यावर पर्यटकांना त्रास होतो, ही तक्रार खोटी नाही. पण दारूच्या बाटल्या फोडणारा आणि पैंजण विकणारी एकाच कलमाच्या रांगेत उभे राहतात. शिवाय पाच हजार म्हणजे तिच्या पथारीवरच्या अर्ध्याअधिक मालाची किंमत.

मग पथविक्रेता कायद्याचे संरक्षण नाही का?

२०१४च्या केंद्रीय कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यात एक तृतीयांश महिला हव्यात. पण हा कायदा शहरी विक्रेत्यांसाठी आहे, आणि हणजूण, कळंगुटचा कारभार ग्रामपंचायतींकडे. केंद्राच्या ‘स्वनिधी’ योजनेतले १५ हजारांचे पहिले कर्जही शहरी विक्रेत्यांना समोर ठेवूनच आखलेले. त्याची व्याप्ती जनगणना शहरांपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला आहे. तो किनाऱ्यावर पोहोचला तरी ओळखपत्र कोण देणार, ग्रामपंचायत की तिच्या तांड्याचे गाव, हा प्रश्न राहतो.

पावसाळ्यात काय?

जूनमध्ये बाजार उठतो. कुणी तांड्यावर पेरणीला परतते, कुणी गोव्यातच भाड्याच्या खोलीत राहून पुढच्या हंगामाचे कापड भरते. धागा आणि आरसे उधारीवर आणलेले असतात. ती उधारी ऑक्टोबरपासूनच्या विक्रीतून फेडायची असते.