एका रुपयावरचा सागर सम्राट

लग्नाच्या आहेरात वरचा एक रुपया लागतो. त्यासाठी जपून ठेवलेली कोरी नोट जरा उलटी करून बघा. समुद्रात पाय रोवून उभा असलेला एक लोखंडी सांगाडा दिसेल. तो ‘सागर सम्राट’. अरबी समुद्रात ‘मुंबई हाय’ या तेलक्षेत्राचं तेल शोधणारी रिग.

विनोबा 1932 मध्ये वर्ध्याजवळच्या ज्या नालवाडीत राहायला आले, तिथून मुंबईचा समुद्र रेल्वेने सुमारे साडेसातशे किलोमीटर दूर. इथल्या लहान मुलांना रिग कशी समजावायची? सोपं आहे. तेलाचा घाणा आणि बोअरची गाडी या दोन यंत्रांवरून ती समजावता येते. त्यांच्यापासूनच सुरुवात करावी.

तेल या शब्दातच तीळ आहे. घाण्यात तीळ, जवस, शेंगदाणा दाबला की तेल निघतं. मग समुद्राखाली कोणी काय दाबलं? कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे जीव मेले, तळाच्या गाळात गाडले गेले. त्यावर गाळाचे थर चढत राहिले. वरचा दाब आणि पृथ्वीच्या पोटातली उष्णता, हाच तो घाणा. खडकातून निघतं म्हणून या तेलाला खडकाचं तेल म्हणतात. आपलं ‘रॉकेल’ हे ‘रॉक ऑईल’चंच मराठी रूप.

हे तेल खाली तळ्यासारखं साचलेलं नसतं. स्पंजात पाणी मुरावं तसं ते खडकाच्या बारीक छिद्रांत असतं. मुंबई हायला तो खडक चुनखडीचा आहे. तो उलट्या कढईसारखा फुगलेला, वर घट्ट थराचं झाकण. त्यामुळे तेल अडकून राहिलं. 1960 च्या दशकात रशियन जहाजाने पाण्यात स्फोटांचे आवाज काढून, तळाखालून परत आलेले प्रतिध्वनी मोजले, तेव्हा या फुगवट्याचा माग लागला.

जागा मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर आत. पाणी 75 मीटर खोल, म्हणजे कुतुबमिनार बुडेल एवढं. तिथे यंत्र उभं कसं राहणार? पंक्चर काढताना गाडीखाली जॅक लावतात, तसंच. रिग पाय वर उचलून तरंगत जाते, बोटी तिला ओढून नेतात. ठरल्या जागी पाय तळाला टेकवले जातात आणि अख्खा मजला पायांवरून वर चढतो, लाटांच्याही वर. म्हणून ही ‘जॅक-अप’ रिग.

पुढचं काम बोअरवाल्यासारखं. उंच मनोरा, फिरणारा पाईप, टोकाला दातेरी बिट. एक पाईप आत गेला की वर दुसरा जोडायचा. फरक एकच, पण मोठा. बोअरवाला कंप्रेसरची हवा सोडतो आणि राखाडी भुकटी मोहल्लाभर उडते. रिगवर पाईपमधून मुद्दाम बनवलेला चिखल सोडतात. तो बिट थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर आणतो आणि खालून उसळू पाहणाऱ्या तेल-वायूला आपल्या वजनाने दाबून धरतो. तरीही उसळी आलीच, तर विहिरीच्या तोंडावरच्या जाड झडपा मिटवतात.

माणसं जुहूहून हेलिकॉप्टरने जातात. बारा-बारा तासांची पाळी, चौदा दिवस समुद्रावर, चौदा दिवस घरी. काम जोखमीचं आहे. 27 जुलै 2005 रोजी मुंबई हायच्या एका प्लॅटफॉर्मवर आग लागून 22 माणसं गेली.

सागर सम्राट जपानमध्ये मित्सुबिशीने 1973 मध्ये बांधली. फेब्रुवारी 1974 मध्ये तिच्या विहिरीत तेल लागलं, 1976 च्या मे महिन्यात नियमित उत्पादन सुरू झालं. पुढे समुद्रतळावरच्या पाईपलाईनने तेल-वायू उरणला येऊ लागला. आता ही रिग खणत नाही. डिसेंबर 2022 पासून ती तेल-वायू वेगळे करण्याचं काम करते.

वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने कधीकाळी रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ बनवला होता. मुलांना रिग सांगून झाली की तो दिवाही सांगावा. रिग तेल बनवत नाही, फक्त झाकण उघडते. तीळ पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतो. पृथ्वीच्या घाण्याची दुसरी घाणी आपल्या पन्नास हजार पिढ्यांनाही मिळायची नाही.