काटकसरीची मात्रा

आज बंगळुरूच्या औषधांच्या दुकानात अवयवरोपणानंतर लागणाऱ्या टॅक्रोलिमसची देशी बनावटीची डबी मिळते. परंतु १९८३ मध्ये अमेरिकेत मान्यता पावलेले सायक्लोस्पोरिन पुढे इकडे आले, तेव्हा मूत्रपिंडरोपणाची शस्त्रक्रिया कर्ज काढून एकदा पार पाडता येते, पण परका अवयव शरीराने झिडकारू नये म्हणून आजन्म घ्यावयाच्या औषधाची तजवीज ऐपतीबाहेरची ठरते, ही गोष्ट अनेक कुटुंबांना फार उशिरा उमगली.

यकृतात व आतड्यात सायक्लोस्पोरिनचे विघटन करणारे एक विकर असते. ते मंदावणारे दुसरे औषध जोडीला दिले, तर थोड्या मात्रेतही रक्तातील पातळी टिकते. वैद्यांनी आधी याकडे धोका म्हणूनच पाहिले होते, कारण पातळी भलतीच चढली की ज्या मूत्रपिंडासाठी सारा खटाटोप, त्यालाच इजा पोहोचते. त्याच धोक्याला जमेच्या बाजूस वळविण्याची युक्ती १९८९ च्या सुमारास सिनसिनाटीच्या वैद्यांनी बुरशीनाशक किटोकोनाझोल योजून मांडली. इजिप्तमधील मन्सुरा येथे ती दीर्घकाळ राबविली गेली. आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या सिडनीच्या अभ्यासात, हृदयरोपणाच्या रुग्णांची सायक्लोस्पोरिनची मात्रा वर्षअखेर ८० टक्क्यांनी उतरल्याचे दिसले. याच कामी वापरले जाणारे रक्तदाबावरचे औषध डिल्टियाझेम एवढे प्रबळ नव्हे; पण रोपणाच्या बहुतेक रुग्णांना उच्च रक्तदाब असतोच, त्यामुळे एका गोळीत दोन कामे साधत.

ही काटकसर मात्र शिस्तीच्या मेहेरबानीवर अवलंबून होती. स्वस्त गोळी चार दिवस चुकली की महाग औषधाची पातळी घसरे. आणि क्षयासाठी रिफाम्पिसिन सुरू करावे लागले, तर तेच विकर चेतून मात्रा कित्येक पटींनी वाढवावी लागे, हे संकट आपल्याकडे मुळीच दुर्मिळ नव्हे. देवनहळ्ळीचा नामांकित चकोता, म्हणजे आपले पपनस, उलट त्याच विकराला दडपते. पण फळागणिक त्याचा जोर बदलत असल्याने रोपणाच्या रुग्णाने त्या मोहात न पडणेच इष्ट.

माझ्या मते खर्चाची कोंडी फोडली ती या युक्तीपेक्षा देशी उत्पादनाने. १९७८ साली बंगळुरूत विकरांच्या धंद्यानेच आरंभ केलेल्या बायोकॉन कंपनीने किण्वनाचे कसब पुढे रोपणाच्या औषधांकडे वळविले, आणि २०२० मध्ये तिच्या टॅक्रोलिमसला अमेरिकेचीही मान्यता मिळाली. तत्पूर्वीच, २०१३ मध्ये, यकृताच्या इजेपायी युरोपच्या नियामकांनी किटोकोनाझोलच्या गोळ्या बाजारातून काढण्याची शिफारस केली होती. डिल्टियाझेम मात्र टिकून आहे. टॅक्रोलिमसवरही त्याचा तोच परिणाम होत असल्याने, ते सुरू वा बंद करताना रक्ताची तपासणी करूनच नवी मात्रा ठरवावी लागते.