गिअरबॉक्सचं फाउंडेशन

जळगावहून धुळ्याला निघालो होतो. एरंडोल मागे पडलं आणि दुसरा गिअर पडेनासा झाला. जोर लावला की पडायचा, पण खटका बसून. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गिअरचा दांडा आपोआप बोटभर पुढे सरकायचा, पाय दिला की मागे. गाडी दहा वर्षांची, लाखभर किलोमीटर झालेली. एका गॅरेजमध्ये सांगितलं, क्लचप्लेट गेली. दुसरीकडे म्हणाले, गिअरबॉक्स उतरवून सिंक्रो रिंगा बदलाव्या लागतील.

तिसरे मिस्तरी अमळनेरकडचे. त्यांनी गिअरच्या दांड्याला हातही लावला नाही. गाडीपुढची आणि मागची माणसं बाजूला केली, बॉनेट उघडलं आणि मला आत बसवलं. हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय घट्ट ठेवा, पहिला गिअर टाका आणि क्लच अगदी हळू, जेमतेम धरेपर्यंतच सोडा, असं सांगितलं. इंजिन एका अंगाने दोन-तीन बोटं वर उचललं गेलं. रिव्हर्स टाकला, तर धप्प आवाज करत उलट अंगाला कललं. "भाऊ, क्लचले काहीच व्हयेल नही," ते म्हणाले, "फाउंडेशन बठी जायेल शे."

फाउंडेशन म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्याला जिथे टेकतात तिथला रबराचा आधार. कंपनीच्या पुस्तकात त्याला माउंटिंग म्हणतात. आमच्याकडच्या गॅरेजांत आणि स्पेअर पार्टच्या दुकानांत मात्र फाउंडेशन हाच शब्द चालतो: इंजिन फाउंडेशन, गिअरबॉक्स फाउंडेशन. मला हा शब्द आवडतो. फक्त घराचा पाया हलला की घर गेलं, आणि हा पाया हललाच नाही तर गाडीत बसवणार नाही. किती हलायचं आणि कुठे थांबायचं, एवढंच त्याचं काम.

वस्तू तळहातावर मावेल एवढी. बाहेर लोखंडाचं किंवा ॲल्युमिनियमचं कडं, मधे बोल्ट जाण्यासाठी नळी, आणि दोघांच्या मधे काळं रबर. ते रबर धातूवर नुसतं चिकटवलेलं नसतं. धातूला आधी रसायनाचा लेप देतात आणि साच्यात गंधकासह रबर शिजताना ते धातूशी एकजीव होतं. गंधक आणि उष्णता मिळून रबराला चिवट करतात हे अमेरिकेत चार्ल्स गुडइअर यांना १८३९ साली सापडलं. जुनं फाउंडेशन बरेचदा या जोडाशीच सुटतं. वरून रबर धड दिसतं, पण कडेने नखभर फट पडलेली असते. या कामाला नैसर्गिक रबर अजूनही पहिल्या पसंतीचं आहे, कारण लाखो वेळा दाबलं-ताणलं तरी ते लवकर चिरत नाही आणि आतून फारसं तापत नाही. त्याची झाडं केरळात, आणि आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही आहेत.

सुरुवातीच्या अनेक मोटारींत इंजिन थेट सांगाड्याला बोल्टने आवळलेलं असे आणि त्याची थरथर बसणाऱ्याच्या हाडांपर्यंत पोहोचे. १९३१ साली क्रायसलर कंपनीने प्लिमथ गाडीत निराळी मांडणी केली. एक रबरी आधार पुढे उंचावर, पाण्याच्या पंपाखाली, आणि दुसरा मागे गिअरबॉक्सखाली. दोन्ही जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्याजवळून जाते, त्यामुळे इंजिन त्या रेषेभोवती स्वतःशीच डोलत राहतं आणि सांगाडा शांत राहतो. या मांडणीला त्यांनी ‘फ्लोटिंग पॉवर’ नाव दिलं. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएनने ती परवाना घेऊन वापरली आणि जाहिरातीत तरंगणारा हंस आणला. गिअरबॉक्सखालचा रबरी आधार पुढे हळूहळू मोटारीचा अविभाज्य भाग झाला.

आपल्याकडे या रबरावरचा भार खऱ्या अर्थाने वाढला तो १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हापासून. अँबॅसिडर आणि पद्मिनीत इंजिन लांबीच्या दिशेने बसलेलं, ओढ मागच्या चाकांना. शेवटची मोठी दातचक्रं मागच्या धुरीत असल्यामुळे तिथला पीळ धुरी आणि तिचे पाटे झेलत. मारुतीत इंजिन आडवं, ओढ पुढच्या चाकांना, आणि गिअरबॉक्स व शेवटची दातचक्रं एकाच पेटीत. आता सगळा पीळ या रबरांवर आला. साधा हिशेब करून पाहा. छोट्या गाडीचं इंजिन ९० न्यूटन मीटर पीळ देत असेल, पहिला गिअर साडेतीन पट आणि शेवटची दातचक्रं चार पट वाढवत असतील, तर चाकांच्या दांड्यांवर १२६० न्यूटन मीटर होतात. मीटरभर लांब पहारीच्या टोकाला धान्याचं सव्वा क्विंटलचं पोतं टांगावं, तेवढं हे होतं. जेवढा पीळ चाकांना पुढे ढकलतो, तेवढाच इंजिन-गिअरबॉक्सला मागे लोटतो. तो अडवायला साधारण तीन आधार असतात: इंजिनाकडचा, गिअरबॉक्सकडचा, आणि पीळ रोखणारा तिसरा, जो बऱ्याच गाड्यांत कुत्र्याच्या हाडाच्या आकाराचा असतो.

पीळ अडवायचा तर रबर कडक हवं. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला ८०० फेरे मारत असतं तेव्हा चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला सुमारे २७ धक्के देतं, तीन सिलिंडरचं २०. ते सांगाड्यापर्यंत पोहोचू द्यायचे नसतील तर रबर मऊ हवं. एकाच तुकड्याकडून या दोन उलट गोष्टी साधायच्या असतात. म्हणूनच त्यात पोकळ्या ठेवलेल्या दिसतात. थोड्या हालचालीला रबर मोकळं राहतं, जास्त झाली की पोकळी मिटते आणि रबर रबराला टेकतं.

आता गिअर का अडकतो ते. घरोटीची, म्हणजे जात्याची, मधली खुंटी सैल झाली की वरचा दगड डगमगतो आणि पीठ कुठे जाड, कुठे बारीक पडतं. पाळूंना टाके घालून ते सुधारत नाही. इथेही तसंच आहे. दांडा आपल्या हाताशी, गाडीच्या तळाला बसलेला. गिअर बदलणारे काटे गिअरबॉक्सच्या पोटात. दोघांना सळई किंवा केबल जोडते. गिअरबॉक्सच्या आत काटा जेमतेम काही मिलिमीटर सरकतो. खुद्द गिअरबॉक्सच तेवढा कलला, तर हाताने दांडा पूर्ण नेला तरी आत काटा अर्ध्यावरच राहतो. सळईच्या जुन्या गाड्यांत हे लगेच कळतं. केबलच्या गाड्यांत केबल बरंच सांभाळून घेते, पण तिचा बाक बदलतो आणि हाताला जडपणा लागतो. क्लचला केबल असेल तर तीही गिअरबॉक्सलाच अडकवलेली असते. बॉक्स हलला की तीही ताणते-सैलावते आणि गाडी पहिल्यात हिसके देत निघते. या हिसक्यांमुळे क्लच गेल्याचा संशय येतो आणि चांगली प्लेट भंगारात जाते.

रबर लवकर मरायला खानदेशासारखी जागा नाही. जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांच्या पार जातो, आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असतं. दर १० अंशांमागे रबर म्हातारं होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. आमची जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता लाटेसारखा होतो. जळगाव-धुळे रस्त्याचं तरसोद ते फागणे चौपदरीकरण रखडलं ती वर्षं या वाटेवरच्या गाड्यांनी कशी काढली, हे त्यांच्या फाउंडेशनांनाच ठाऊक. काळीपिवळी चालवणारा माणूस हे रबर गेल्याचं पायाच्या तळव्यावरून ओळखतो. आमच्यासारख्यांना मात्र ते वर्षवर्ष कळत नाही, कारण बिघाड रोज केसभर वाढतो आणि हात त्याला सरावतो.

जुनं काढल्यावर नवं कोणतं बसवायचं, यावर मी बरेच दिवस घालवले. एक वाट जुगाडाची: टायरचा किंवा पट्ट्याचा तुकडा कापून पोकळीत ठोकायचा. चार दिवस दांडा स्थिर राहतो, पण रबराला दबायला जागाच उरत नाही आणि धक्का ब्रॅकेटवर जातो. दुसरी वाट पीयूची, म्हणजे पॉलियुरेथेनची. ते मूळ रबरापेक्षा बरंच कडक असतं. गिअर बंदुकीच्या चापासारखे पडतात हे खरं. पण तिन्ही आधार पीयूचे केले, तर सिग्नलला उभ्या गाडीत आरसा थरथरतो आणि डॅशबोर्ड वाजत राहतो. शर्यतीच्या गाडीला ते ठीक. आईवडिलांना घेऊन चाळीसगावचा घाट चढणाऱ्या गाडीला नाही. माझं मत स्पष्ट आहे. वजन पेलणारे दोन आधार मूळ प्रतीच्या नव्या रबराचेच घ्यावेत. सुधारणा करायचीच असेल तर पीळ रोखणाऱ्या तिसऱ्या आधारात थोडं कडक रबर घालावं, कारण वजन त्याच्यावर नसतं आणि उभ्या गाडीत त्याच्यातून थरथर कमी येते.

बसवण्याची कला वेगळीच आहे. मिस्तरींनी आधी बॅटरी आणि तिचा ट्रे काढला, गिअरबॉक्सखाली लाकडी फळी ठेवून जॅक लावला, मग जुना आधार सोडवला. रबर एका बाजूने फुगलेलं निघालं, कारण ॲक्सलच्या सीलमधून गिअर ऑइल त्यावर झिरपत होतं. आधी सील बदललं. नव्या आधाराचे बोल्ट त्यांनी हातानेच फिरवून ठेवले, जॅक काढला, इंजिन सुरू करून ते स्वतःच्या जागी स्थिरावू दिलं आणि इंजिन बंद करून शेवटी बोल्ट आवळले. आधीच आवळले असते तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकलं असतं आणि नवं असूनही वर्षभरात चिरलं असतं. ही घाई अनेक ठिकाणी होते, आणि दोष मालावर येतो.

संध्याकाळी तीच वाट पुन्हा धरली. पारोळ्याच्या पुढे ट्रकमागे गती कमी केली आणि तिसऱ्यातून दुसरा टाकला. दोन बोटांनी पडला. क्लच जुनाच होता, तो अजूनही तोच आहे. तुमच्या गाडीचा गिअर अडकू लागला, तर क्लच खोलायला परवानगी देण्याआधी बॉनेट उघडायला सांगा आणि इंजिन किती उचललं जातं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.