कॅमेऱ्यात पट्टे : दोष लहरींचा की वायरीचा?

घरच्या कॅमेऱ्याचे चित्र बिघडले की लोक मोबाईल टॉवरला बोल लावतात आणि नवा कॅमेरा घ्यायला निघतात. आमचा अनुभव असा, की दोष बहुधा घरातच निघतो.

दिवसा चित्र स्वच्छ, पण अंधार पडताच कॅमेरा बंद-चालू होतो? मग आधी ॲडॉप्टर पाहावा. रात्री इन्फ्रारेड दिवे लागून करंट वाढतो. लांब, बारीक वायरीतून १२ व्होल्ट पुरते पोहोचत नाहीत. मीटर कॅमेऱ्याच्या टोकाला, दिवे लागलेले असतानाच लावावा. दुपारी मोजून काय कळणार? आणि चोर तर रात्रीच येतो.

चित्रावर आडवे पट्टे सावकाश सरकत असतील, तर कॅमेरा उतरवून रेकॉर्डरजवळ हातभर वायरीने जोडावा. पट्टे गेले, तर कॅमेरा निर्दोष; जुनी वायर, तिचे सांधे आणि अर्थिंग तपासावे.

वायरलेस कॅमेऱ्याबाबत मात्र लहरींचा संशय रास्त आहे. पुष्कळसे कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, मायक्रोवेव्ह ओव्हनच्या लहरीही त्याच पट्ट्यातल्या. ओव्हन चालू असतानाच चित्र अडकत असेल तर राउटर स्वयंपाकघरापासून दूर न्यावा. शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी असल्यास चॅनेल १, ६, ११ आलटून-पालटून पाहावे. त्याला पैसा लागत नाही.