कालच्या उन्हाचा जमाखर्च

गच्चीवर सूर्यतापाने पाणी तापविणारे यंत्र बसवावे की न बसवावे, हा प्रश्न महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय गृहस्थापुढे बहुधा नवे घर बांधताना, जुना गिझर गळू लागला असताना किंवा विजेचे देयक नेहमीच्या दीडपट आले असताना उभा राहतो. आणि या तिन्ही प्रसंगी त्याची मनःस्थिती शांत हिशेबाला अनुकूल नसते, ही गोष्ट विक्रेत्यास पक्की ठाऊक असते. त्याच्यापुढे जे छापील पत्रक ठेवले जाते, त्यात १०० लिटरचा संच वर्षाकाठी १,५०० युनिट वीज वाचवितो असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. हा आकडा विक्रेत्याच्या पदरचा नव्हे. केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने तो वर्षानुवर्षे प्रसृत केला आहे. तो खोटाही नाही. परंतु ज्या गृहीतांवर तो उभा आहे ती गृहीते आपल्या न्हाणीघरात कितपत टिकतात, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

ती चौकशी करण्यास शाळेतील पदार्थविज्ञान पुरेसे आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि विजेच्या एका युनिटात अशा सुमारे ८६० किलोकॅलरी असतात. हिवाळ्यात २२ अंशांवर असलेले १०० लिटर पाणी ६० अंशांवर न्यावयाचे म्हणजे ३,८०० किलोकॅलरी, अर्थात सुमारे ४.४ युनिट. गिझरच्या टाकीतून वाया जाणारी उष्णता त्यात मिळविली आणि वर्षाचे ३०० दिवस उन्हाचे धरले, की आपण पत्रकातील १,५०० च्या आसपास येऊन पोहोचतो. आता न्हाणीघराकडे वळावे. २० लिटरची एक बादली ४० अंशांच्या पाण्याने भरली तर तिला ३६० किलोकॅलरी पुरतात, म्हणजे अर्ध्या युनिटाहूनही कमी. बादलीने अंघोळ करणाऱ्या चार माणसांच्या कुटुंबाची सारी गरज गिझरची गळती धरूनही दोन युनिटांत भागते. उलट टाकीतल्या ६० अंशांच्या १०० लिटर पाण्यात थंड पाणी मिसळले तर अशा दहा बादल्या निघतात. उरलेल्या सहा बादल्यांची उष्णता सूर्याने दिली खरी, पण ती कोणी घेतली नाही. आणि न घेतलेल्या वस्तूची बचत कोणत्याही वहीत जमेस धरता येत नाही.

दिवसांचाही हिशेब असाच झाडून घ्यावा लागतो. पुण्याच्या परिसरात वर्षाच्या सरासरीने दर चौरस मीटरवर रोज पाच ते साडेपाच युनिट इतकी सूर्यशक्ती पडते, आणि १०० लिटरच्या पत्र्याच्या संचास दोन चौरस मीटरचे क्षेत्र असते. तेव्हा सूर्याच्या बाजूने कुचराई नाही. मात्र हे दान ज्या ऋतूत सर्वांत उदार असते, त्या एप्रिल-मे महिन्यांत देशावरील माणूस गच्चीवरच्या साध्या टाकीतले पाणीदेखील चटका बसतो म्हणून दुपारी टाळतो. आणि आषाढ-श्रावणात, जेव्हा अंगावर गरम पाणी घ्यावेसे वाटते, तेव्हा ऊन एप्रिलच्या मानाने निम्म्यावर येते आणि गृहिणी मुकाट्याने टाकीतल्या बॅकअप हीटरचे बटण दाबते. खरे उपयोगाचे दिवस मी सव्वादोनशेच्या वर धरीत नाही. रोजची दोन युनिटे आणि सव्वादोनशे दिवस, म्हणजे साडेचारशे युनिटे. युनिटामागे हिशेबापुरते १० रुपये धरले तर वर्षाला साडेचार हजार रुपये. काचनळ्यांचा १०० लिटरचा संच २० ते २५ हजारांना पडतो असे मानल्यास मुद्दल पाच वर्षांत फिटते. तोट्याचा मामला नव्हे, पण पत्रकातील सोन्याची खाणही नव्हे. आठ माणसांच्या एकत्र कुटुंबात किंवा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, जिथे शेवटची बादलीसुद्धा कोणीतरी ओढून नेतो, तिथे हीच मुदत निम्म्यावर येते. मुले परदेशी असलेल्या दोघा निवृत्तांच्या घरात ती दहा वर्षांवर जाते. एक गोष्ट मात्र बचतीच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. महावितरणचा दर घरगुती ग्राहकास १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातो, आणि वाचलेले युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातले असते. म्हणून महिना तीनशेच्या काठावर वावरणाऱ्या घराला सोलरचा लाभ सरासरी दरावरून दिसतो त्याहून अधिक होतो.

या यंत्राचे भवितव्य सूर्यापेक्षा त्याच्या प्रतिस्पर्धी इंधनाच्या भावाने ठरते, याला इतिहासाचा भक्कम दाखला आहे. स्विस शास्त्रज्ञ द सोस्यूर याने १७६७ मध्ये काचेच्या पेटीत ऊन कोंडून पाणी उकळण्याइतकी उष्णता मिळविली. आपल्या मुंबईतच, उच्च न्यायालयाचा उपनिबंधक असलेल्या विल्यम ॲडम्स या इंग्रज गृहस्थाने कुलाब्यात सपाट आरशांची रांग मांडून सूर्याच्या उष्णतेवर वाफेचे इंजिन चालविले, आणि उष्ण प्रदेशांत इंधनाला पर्याय म्हणून सूर्यताप कसा वापरावा यावर १८७८ साली एक पुस्तकच प्रसिद्ध केले. कचेरीतील दप्तरे सांभाळता सांभाळता हा उद्योग करणाऱ्या या अधिकाऱ्याची मुंबईने पुढे काही विशेष आठवण ठेविली नाही, ही आपली नेहमीची रीत. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरन्स केम्पने १८९१ मध्ये काळ्या टाक्या पेटीत ठेवून पाणी तापविण्याचे एकस्व घेतले. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली याने तापणारा भाग आणि साठवणीची टाकी एकमेकांपासून वेगळी केली, टाकीला उष्णतारोधक वेष्टन घातले, आणि तापलेले पाणी सकाळपर्यंत टिकविले. आज आपल्या गच्च्यांवर जे दिसते त्याचा मूळ आराखडा हाच. परंतु लॉस एंजेलिसच्या परिसरात नैसर्गिक वायू मुबलक व स्वस्त झाला तेव्हा हा उद्योग ओसरला, आणि बेलीच्या कंपनीस अखेर वायूवरचे तापक बनविण्याकडे वळावे लागले. उलटपक्षी इस्रायलमध्ये इंधनाची चणचण होती; तेथे १९८० मध्ये नव्या घरांवर असे यंत्र बसविणे कायद्याने सक्तीचे झाले आणि ते घरोघर रुजले. सूर्य दोन्हीकडे सारखाच तळपत होता.

बेलीच्या त्या वेगळ्या टाकीमुळेच आपल्या दिवाळीची सोय झाली आहे. अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी करावयाचे, म्हणजे त्या पहाटेच्या पाण्यात आदल्या दिवसाचे ऊन असते. आणि अश्विनात पाऊस ओसरून आकाश निवळलेले असल्याने ते चांगले भरभक्कम असते. चांगल्या वेष्टनाच्या टाकीत रात्रभरात पाणी थोड्या अंशांनीच उतरते. त्यासाठी पंप लागत नाही की वीज लागत नाही: तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते, थंड जड पाणी खाली येऊन त्याची जागा घेते. पत्र्याच्या संचात काळा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आणि त्यावर कडक काच असते. काचनळ्यांच्या संचात दुहेरी भिंतींमधली हवा काढून घेतलेली असते, आणि ती नळी आपल्या चहाच्या थर्मासप्रमाणे उष्णता बाहेर जाऊ देत नाही. ढगाळ दिवशी नळ्यांचा संच जरा बरा चालतो आणि तो स्वस्तही पडतो. पत्र्याचा संच दणकट आणि दीर्घायुषी.

ही झाली यंत्राची बाजू; गच्चीखालची कहाणी निराळी. कोथरूडमधल्या एका चारमजली इमारतीत मी पाहिले की पहिल्या मजल्यावरील बाई सकाळी सोलरचा नळ सोडून हात पाण्याखाली धरून उभ्या राहत, आणि बादली भरत आली तरी पाणी गारच. दुरुस्तीला आलेला प्लंबर शांतपणे म्हणाला, “काकू, ही बादली झाडांना घाला; आता येईल बघा गरम.” त्याच्या बोलण्यात गणित होते. एक इंची नळात दर मीटरला अर्धा लिटर पाणी मावते. गच्चीपासून वळणे घेत तीस मीटर नळ आला असेल तर पंधरा लिटर पाणी रात्रभर नळातच निवत पडलेले असते, आणि ते प्रत्येक घर सकाळी मोरीत सोडून देते. यावर उपाय आहे: गरम पाण्याचा नळ गोल फिरवून लहान पंपाने पाणी खेळते ठेवावयाचे आणि साऱ्या नळाला फोमचे वेष्टन घालावयाचे. बांधकाम व्यावसायिकाने तो खर्च वाचविला होता. त्याच प्लंबरने गच्चीवर नेऊन एक काचनळी उपसून दाखविली, तर तिच्या बुडाशी मूठभर पांढरे पापुद्रे. इमारतीला उन्हाळ्यात बोअरचे आणि टँकरचे पाणी. ते तापले की त्यातला चुना विद्राव्य राहत नाही आणि खपल्यांच्या रूपाने खाली बसतो. नळ्या उपसून धुता येतात. पत्र्याच्या संचातील तांब्याच्या बारीक नळ्या मात्र आतून चिंचोळ्या होत जातात, आणि पाणी कोमट का येते हे कोणाला उमगत नाही. ज्यांच्या घरी क्षारयुक्त पाणी आहे त्यांनी वर्षाच्या देखभालीचा खर्च पाच वर्षांच्या मुदतीत आधीच मिळवून ठेवावा.

सरकारी आश्रयाचा भरवसा या बाबतीत धरू नये. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानात या संचांना ३० टक्के अनुदानाची तजवीज होती. ती पुढे बंद झाली. पुणे महानगरपालिका मालमत्ता करात अशा एका उपक्रमास ५ टक्के आणि पर्जन्यजलसंधारण वा गांडूळखत असा दुसरा जोडीला असल्यास १० टक्के सवलत देते. बारा हजारांची घरपट्टी भरणाऱ्यास ती पहिल्या प्रकारात वर्षाला सहाशे रुपयांची पडते. नाकारू नये, पण तेवढ्यासाठी यंत्र घेऊही नये.

आजचा खरा प्रतिस्पर्धी सूर्याच्याच घरातला आहे. उन्हापासून वीज करणारे एक किलोवॉटचे वीजपट्ट पाच-सहा चौरस मीटर जागा घेतात, आणि वर्षाला चौदाशेच्या आसपास युनिटे देतात. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार रुपये अनुदान आहे. पाणी तापविण्याच्या यंत्रापेक्षा हे पट्ट उन्हाचा फारच थोडा हिस्सा उचलतात, तरीही एका गोष्टीत बाजी मारतात: वैशाखात न लागणारी उष्णता गच्चीवर वाया जाते, पण वैशाखात न लागणारी वीज नेट मीटरमधून जमा होते आणि पावसाळ्यातल्या देयकातून वजा होते. गिझर पहाटे पेटतो आणि पट्ट दुपारी काम करतात, या विसंगतीलाही त्या मीटरमुळे बाध येत नाही; मात्र ही सोय जोवर आजच्या अटींवर चालू आहे, तोवरच हे गणित खरे.

तेव्हा देशावरील नव्या बंगल्याला, जिथे माणसे भरपूर आहेत, पाणी नगरपालिकेचे गोडे आहे आणि न्हाणीघर टाकीच्या बरोबर खाली काढता येते, तिथे माझा कौल पाणी तापविणाऱ्या संचाला आहे; जागा दोन चौरस मीटर आणि मुद्दल लवकर सुटते. कोकणातल्या वाडीत, जिथे नारळाची सोडणे आणि वाळकी चुडते फुकट पडलेली असतात आणि पाऊस चार महिने आकाश सोडीत नाही, तिथे तांब्याचा बंब हटविण्याचे मला काही कारण दिसत नाही. शहरातल्या जुन्या इमारतीत भिंती फोडून नवे नळ ओढण्यापेक्षा गिझर आहे तसा ठेवावा आणि सोसायटीच्या संमतीने गच्चीवर वीजपट्ट बसवावेत. आणि संचच बसवावयाचा ठरला, तर खेळत्या नळाचा, पंपाचा आणि वेष्टनाचा खर्च करारनाम्यात आरंभीच लिहून घ्यावा.