हृदयाच्या इंचभर अलीकडे

११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयच्या आठ अधिकाऱ्यांनी दोन सशस्त्र दरोडेखोरांना गाठले. चकमक पेटताच जेरी डव्ह या अधिकाऱ्याची ९ मिमी गोळी त्यांच्यातील मायकेल प्लॅटच्या उजव्या दंडातून आरपार गेली, छातीत शिरली, फुप्फुस फाडून हृदयाच्या सुमारे इंचभर अलीकडे थांबली. जखम प्राणघातकच होती. तरी प्लॅट लढत राहिला. डव्ह आणि बेंजामिन ग्रोगन मारले गेले, पाच सहकारी जखमी झाले.

काडतुसाची ताकद ऊर्जेच्या आकड्याने सांगायची सवय जुनी आहे. साडेसात ग्रॅमची ९ मिमी गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने सुटली, तर तिची ऊर्जा सुमारे ४६० ज्यूल भरते. पंधरा ग्रॅमची ०.४५ इंची गोळी २५५ मीटरने सुटली, तर सुमारे ४९०. पन्नास किलोचा माणूस मीटरभर उंचीवरून उडी मारतो, तेव्हाही एवढीच ऊर्जा जमिनीवर आदळते. गोळी लागताच माणूस मागे फेकला जातो, हे पडद्यावरचे दृश्य निखालस खोटे आहे. तसे घडत असते, तर गोळी झाडणाराही उलटा पडला असता.

फिलिपिन्समध्ये ०.३८ इंची गोळ्या लागूनही मोरो लढवय्ये अंगावर येतात, अशा अमेरिकी सैनिकांच्या तक्रारींवरून १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या लष्करी अधिकाऱ्यांनी शिकागोत मृतदेहांवर आणि कत्तलखान्यातील जनावरांवर गोळ्या झाडून पाहिल्या. मोठ्या गोळीची त्यांची शिफारस अमेरिकी सैन्याने मानली. १९११ चे कोल्ट पिस्तूल ०.४५ इंची झाले. प्रयोग मात्र मूठभर जनावरांवरचे होते.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते मार्टिन फॅकलर यांचे काम. व्हिएतनाममध्ये जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केलेल्या या सर्जनने पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या लष्करी प्रयोगशाळेत दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यांत गोळ्यांचा माग काढला. गोळी वाटेतले ऊतक चिरडते आणि भोवतालचे क्षणभर ताणते. रायफलच्या गोळीत हा ताण बरेचदा घातक ठरतो. पिस्तुलाच्या गोळीचा ताण मात्र स्नायू आणि फुप्फुस बहुधा सोसतात; यकृत आणि मेंदू तेवढे लवचीक नसतात. म्हणजे पिस्तुलाची गोळी मुख्यतः ज्याला भिडते त्यालाच इजा करते. तेव्हा ती कुठे आणि किती खोल गेली, हाच खरा प्रश्न. मायामीनंतर एफबीआयने जिलेटिनमध्ये किमान १२ इंच खोलीची अट घातली, ती यातूनच.

हृदय निकामी झाल्यावरही मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल इतका प्राणवायू उरतो; तेवढा वेळ माणूस लढू शकतो. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर पोलीस तुकाराम ओंबळे यांनी रायफलच्या गोळ्या अंगावर झेलूनही दहशतवादी कसाबच्या बंदुकीची नळी सोडली नाही. माणसाच्या निर्धाराचे मोजमाप कोणत्याही ज्यूलमध्ये होत नाही.

मायामीनंतर एफबीआयने आधी १० मिमी, मग ०.४० इंची काडतूस जवळ केले. २०१४ मध्ये तिच्याच प्रशिक्षण विभागाने नोंदवले, की उत्तम बनावटीच्या ९ मिमी, ०.४० आणि ०.४५ इंची गोळ्यांच्या जखमांत फारसा फरक दिसत नाही. ९ मिमीचा धक्का कमी, म्हणून नेम अधिक साधतो. संस्था पुन्हा ९ मिमीकडे वळली.