अंगठी विसरणारा माणूस

२०२४ साली माझ्या मुलीने मोबाइलवर एका इंग्रजी मालिकेतला म्हातारा मला दाखवला आणि विचारलं, "अब्बा, हा कोण? सिनेमात तर नव्हता." म्हटलं, "हा टॉम बॉम्बॅडिल. सिनेमावाल्यांनी गाळलेला." त्यावर ती म्हणाली, "गाळला तरी गोष्ट अडली नाही ना? मग लिहिला कशाला?"

प्रश्न रास्त होता. ज्यांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन यांची ही कादंबरी १९५४-५५मध्ये तीन खंडांत आली. तिच्यात एक अंगठी आहे. तिच्यात अफाट सत्ता आहे, पण जवळ बाळगणाऱ्याचं मन ती पोखरून टाकते. जिथे ती घडवली त्याच आगीत ती नष्ट करायची आहे. हे काम फ्रोडो नावाच्या बुटक्या हॉबिटच्या गळ्यात पडतं. गॅन्डाल्फसारखा थोर जादूगारसुद्धा ती अंगठी स्वीकारायला घाबरतो.

आणि बॉम्बॅडिल? निळा कोट, पिवळे बूट, टोपीत निळं पीस. एका जुनाट जंगलाच्या कडेला नदीकन्या गोल्डबेरीबरोबर राहतो आणि दिवसभर गातो. त्याचं बोलणंही पद्याच्या लयीत. दोन हॉबिटना एका दुष्ट झाडाने खोडाच्या फटीत पकडलेलं असतं, ते याच्या गाण्याने सुटतात. (आमची कविता ऐकून झाड सोडा, कट्ट्यावरचं मांजरही हलत नाही!) घरी आल्यावर तो फ्रोडोकडे अंगठी मागतो. फ्रोडोही, स्वतःलाच नवल वाटावं इतक्या सहज, ती देऊन टाकतो. ती घातली की माणूस अदृश्य होतो. पण बॉम्बॅडिल करंगळीच्या टोकावर चढवतो आणि तसाच दिसत राहतो. उलट अंगठीच हवेत उडवून क्षणभर दिसेनाशी करतो आणि हसत परत देतो. पुढे फ्रोडो ती घालून पाहतो, तर अदृश्य झालेला फ्रोडोही याला स्वच्छ दिसतो.

हा आहे तरी कोण? वाचक वर्षानुवर्षं डोकं खाजवताहेत. मूळ मात्र साधं आहे: टोल्किन यांच्या मुलाची एक डच बाहुली. तिच्यावरून झालेली कविता १९३४मध्ये 'ऑक्सफर्ड मॅगझीन'मध्ये छापून आली, म्हणजे कादंबरीच्या कितीतरी आधी. १९३७च्या एका पत्रात टोल्किन यांनी त्याला ऑक्सफर्ड-बर्कशायरकडच्या नाहीशा होत चाललेल्या ग्रामीण मुलखाचा आत्मा म्हटलं. कथेतलं कोडं मात्र त्यांनी मुद्दाम कोडंच ठेवलं.

कॉलेजात शब्दकोश उशाशी घेऊन मी हे वाचलं तेव्हा बॉम्बॅडिलच्या प्रेमात पडलो होतो. काही नकोच असलेला माणूस! अंगठी त्याला मोह घालणार कशाचा? कवीने असंच असावं, असं तेव्हा वाटे.

पण पुढे एलरॉन्डच्या घरी सभा भरते, आणि अंगठी बॉम्बॅडिलकडेच ठेवावी, अशी सूचना येते. गॅन्डाल्फ नको म्हणतो. सगळ्यांनी गळ घातली तर तो ठेवूनही घेईल. पण ती का जपायची हे त्याला कळणार नाही. तो विसरून जाईल, नाहीतर फेकून देईल.

हे पान आता वाचताना मी ओशाळतो. आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयाची वर्गणीची पेटी एका वर्षी माझ्याकडे दिली होती. का, तर "कवी माणूस, पैशाला हात लावणार नाही." हात लावला नाही हे खरंच; पण किल्ली कुठे ठेवली तेच विसरलो. कुलूप तोडावं लागलं. बिचाऱ्या सभासदांनी 'निर्मोही' आणि 'जबाबदार' हे एकच धरलं होतं.

१९५४च्या एका पत्रात टोल्किन यांनी हा मुद्दा आणखी पुढे नेला आहे. सत्तेचा हक्कच सोडून दिलेल्याला सत्तेची साधनं निरर्थक होतात, हे ते मान्य करतात. मात्र हा माणूस टिकायचा तर लढणाऱ्यांनी जिंकायला हवं, असंही बजावतात. म्हणजे त्याचं गाणं इतरांच्या जखमांवर उभं आहे. ज्याला मोह होऊ शकतो त्या फ्रोडोनेच ओझं वाहिलं, आणि आगीच्या तोंडाशी तो हरलाही: अंगठी माझी, म्हणाला.

तरीही बॉम्बॅडिलला नुसता बसून खाणारा ठरवणं मला जड जातं. एका जुन्या थडग्यातून तो हॉबिटना सोडवतो आणि तिथलीच खंजिरं त्यांच्या हाती देतो. त्यांतल्याच एकाने पुढे रणात शत्रूच्या अजिंक्य सेनापतीचं मायाकवच फुटतं. मुलीला हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "सिनेमात ती हत्यारं दुसराच कुणी देतो." देतो, खरं आहे.

युद्ध संपल्यावर गॅन्डाल्फ कुठे जातो माहीत आहे? वाट वाकडी करून बॉम्बॅडिलकडे, निवांत गप्पा मारायला. जाता जाता फ्रोडोला सांगून जातो, की तो मजेत असणार आणि आपण काय काय केलं यात त्याला फारसा रस नसणार. त्या गप्पा टोल्किन यांनी लिहिल्या नाहीत.